‘शंभर टक्के हर्बल’ मलमात स्टिरॉइड निघालं, तेही सगळ्यात जहाल

आधीच सांगते, मी अडाणी नाही. बँकेत नोकरी करते. ओटीपी कुणाला देऊ नका हे दिवसातून दहा जणांना मीच बजावते. तरी १२,१९८ रुपये घालवून बसले, आणि त्यातलं पैशाचं दुःख सगळ्यात कमी आहे.

लेक तीन वर्षांची. सहाव्या महिन्यापासून इसब. कोपरांच्या आत, गुडघ्यांमागे, मानेला. ज्यांच्या घरात आहे त्यांना रात्रींबद्दल सांगायला नको. त्वचेच्या डॉक्टरांनी भरपूर मॉइश्चरायझर आणि जोर वाढला की पाच-सात दिवस १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन सांगितलं होतं. सासूबाई म्हणाल्या, “एवढ्याशा पोरीला स्टिरॉइड?” मलाही तेच वाटत होतं, म्हणून त्यांच्यावर ढकलत नाही. ट्यूब कपाटात गेली ती गेलीच.

मग नात्यातल्या ग्रुपवर तो मेसेज आला. स्टिरॉइड-फ्री, शंभर टक्के हर्बल, इसब मुळापासून बरा. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पहिला टप्पा २,४९९. ‘अर्धवट सोडलं तर उलटतं’ म्हणून दुसरा ४,९९९. पोट साफ झाल्याशिवाय त्वचा कशी साफ होणार, म्हणून थेंबांची बाटली ३,७५०. आणि पैसे परत मिळण्याची हमी चालू राहावी म्हणून ‘नोंदणी’ ९५०. हमीसाठी पैसे भरले मी! बँकेतल्या बाईने!

पण मला कळायला हवं होतं ते तिसऱ्याच दिवशी. अडीच वर्षं जे हटत नव्हतं ते तीन दिवसांत गायब. कातडी लोण्यासारखी. झाडपाल्याने असं होत नाही, तीन दिवसांत तर नाहीच. इसब हा येणारा-जाणारा आजार आहे, बरीच मुलं वाढत्या वयात त्यातून बाहेर पडतात, हे मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं होतं. तरी मी आनंदाने रडले आणि लेकीच्या हातांचा फोटो ते मलम विकणाऱ्या माणसाला पाठवला. तो फोटो आता त्यांच्या जाहिरातीत आहे.

दुसरी संधीही मिळाली होती. पार्सल उशिरा आलं, चार दिवस मलम नव्हतं. अंग पहिल्यापेक्षा दुप्पट पेटलं, चेहऱ्यावर कधी नव्हतं तेही आलं. उत्तर आलं, “ताई, घाबरू नका, आतली उष्णता बाहेर पडतेय.” मी लिहिलं, “ओके, धन्यवाद.” रात्री अडीचला, कडेवर कळवळणारं पोर घेऊन. त्या वेळी तुम्ही काय लिहिलं असतंत?

ट्यूब वाचा. उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, एक्सपायरी, घटकांची पूर्ण यादी. यातलं एकही तिच्यावर नव्हतं. पावाच्या पाकिटाची तारीख मी दोनदा बघते.

अकराव्या आठवड्यात गाल सुजल्यासारखे दिसायला लागले, मांडीची कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसाव्यात. डॉक्टरांनी ट्यूब हातात घेतली आणि काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खासगी प्रयोगशाळेत ४,७२० रुपये भरून तपासून घेतलं. क्लोबेटासॉल प्रोपिओनेट. स्टिरॉइड मलमांतलं सगळ्यात तीव्र गटातलं. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन सगळ्यात सौम्य गटात येतं, तेच मी भिऊन कपाटात टाकलं होतं. लेकीचं सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः तयार करतं ते स्टिरॉइड, कमी होऊन काठावर आलं. असं मलम सापडलं तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

आता तक्रारीची कहाणी. पोलीस चौकीत म्हणे, “मॅडम, पैसे तुम्हीच पाठवलेत, माल पण मिळाला, मग फसवणूक कुठली?” दुसरीकडे सांगितलं, हा औषधाचा विषय. औषधाच्या टेबलावर सांगितलं, बिलावर ‘कॉस्मेटिक’ लिहिलंय. दोन तास बसवून तिसऱ्या साहेबांनी विचारलं, सीलबंद ट्यूब आहे का? उघडलेली चालत नाही. म्हणजे पुरावा हवा तर त्याच माणसाकडून आणखी एक विकत घ्यायची! माझा अहवाल खासगी, म्हणून तोही चालत नाही. पार्सल परराज्यातून आलं, म्हणून तिकडे अर्ज करा. उत्पादकाचा पत्ता द्या. अहो, पत्ता छापला असता तर तुमच्याकडे कशाला आले असते? तीन प्रतींत अर्ज, चार खेपा, दोन रजा. स्टिरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम २०१८ पासून आहे. तो गल्लीतल्या मेडिकलवाल्याला. फोनवरून विकणाऱ्याला कोण विचारतो?

पैसे गेल्याचं लक्षात आलं की त्याच तासात १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, मी नऊ दिवस लाजेत घालवले. फोनवर फोटो बघून औषध देणाऱ्याचा नंबर तिथेच ब्लॉक करा. आणि डॉक्टरांच्या औषधाची भीती वाटली तर त्यांनाच विचारा, किती लावायचं, किती दिवस. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ त्याच माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते, हे त्यांनी मला दोन मिनिटांत दाखवलं.

आता मॉइश्चरायझर, आंघोळ झाल्या झाल्या, अंग ओलसर असतानाच. आणि तेच हायड्रोकॉर्टिसोन. हळूहळू उतरतंय.

ती ट्यूब पुरावा म्हणून फ्रीजच्या दारात ठेवली आहे. लेकीला ती दिसली की अजून फ्रॉक वर करून उभी राहते.