दोन उपाशी साप, दोन वेगळे निर्णय

"दादा, पाच आठवडे झाले, उंदराला तोंडसुद्धा लावत नाही." जुळे सोलापुरातल्या एका पोराचा एप्रिलमध्ये फोन आला. त्याच्याकडे वर्षभराचा कॉर्न स्नेक. माझा बॉल पायथन भीमा तर जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपासून उपाशी होता, म्हणजे तीन महिने. त्या पोराला मी सांगितलं, उद्याच्या उद्या डॉक्टरांना फोन लाव. स्वतःच्या सापासाठी मात्र मी हातावर हात ठेवून बसलो होतो. पोरगं वैतागलं, "तुमचा तीन महिने चालतो, माझा पाच आठवडे नाही?"

नाही चालत. उपास तोच, पण दोघांचा अर्थ वेगळा.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. अंगाने जाड, हालचाल कमी, त्यामुळे अंगातल्या शक्तीचा खर्चही कमी. पूर्ण वाढलेला नर विणीच्या हंगामात महिनोन्‌महिने खात नाही आणि ठणठणीत राहतो. कॉर्न स्नेक अमेरिकेतला, सडपातळ आणि खादाड. कात टाकायला आला असेल (डोळे दुधी दिसतात), नुकताच नव्या घरी आला असेल किंवा हिवाळ्यात थंडावला असेल तर एखाद-दुसरा घास तोही सोडतो. पण भर उन्हाळ्यात, डोळे स्वच्छ असताना, पाच आठवडे? तिथे माझ्या मनात पाल चुकचुकते. त्यातून पिल्लू असेल तर अंगात साठाच नसतो.

तरी नुसत्या जातीवरून ठरवू नका. वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर झाकणाचा डबा, दर रविवारी एक आकडा वहीत. भीमा जानेवारीत 1180 ग्रॅम होता, एप्रिलमध्ये 1130. म्हणजे चार टक्के गेले, ते तो महिन्याभरात भरून काढेल. त्या पोराचा कॉर्न 62 वरून 53 ग्रॅमवर आला होता, म्हणजे चौदा टक्क्यांच्या वर. मी साधारण दहा टक्क्यांना रेघ ओढतो. रेघेच्या आत असाल तर थांबा, बाहेर गेलात तर हला. तोंड उघडं टाकून श्वास, तोंडात पिवळट चिकटा, नाकाशी फेस यातलं काही दिसलं तर वजनाची वाटही बघू नका.

थांबायचं म्हणजे दुर्लक्ष करायचं असं नाही. आधी पेटीचं तापमान बघा, आणि इथे सोलापूरकरांनी पुण्या-बंगळुरूच्या लोकांचे सल्ले जरा बाजूला ठेवावेत. त्यांची चिंता पेटी गरम कशी करायची ही. आपली एप्रिल-मेमध्ये नेमकी उलटी. बॉल पायथनला गरम बाजू 31-32 अंश आणि थंड बाजू 26-27 लागते; कॉर्नला गरम 29-30, थंड 23-25. पहिल्या वर्षी माझी पेटी माडीवर, पत्र्याखालच्या खोलीत होती. साप खाईना, मी विणीचा हंगाम म्हणून सोडून दिलं. दुपारी तीन वाजता थंड कोपऱ्यात थर्मामीटर ठेवला तर 36! हंगाम कसला, बिचारा भाजत होता. पेटी खालच्या माजघरात आणली, दुपारची हीट मॅट (पेटी गरम ठेवणारी विजेची चटई) बंद केली, तीन बाजूंनी जुनी चादर लावून आडोसा केला. वरची जाळी मोकळी ठेवली, नाहीतर सोलापुरी चादरीत हवा कोंडायला वेळ लागत नाही. अकराव्या दिवशी त्याने खाल्लं. डिसेंबरच्या रात्री मात्र मॅट हवीच, आणि थर्मोस्टॅटशिवाय (ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणारं यंत्र) ती लावूच नका. कोरड्या हवेचा त्रासही बॉल पायथनला जास्त, म्हणून लपायच्या डब्यात ओलसर शेवाळ ठेवा. कॉर्नचं त्यावाचून फारसं अडत नाही.

भक्ष्य दाखवण्यातही फरक आहे. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, कॉर्नला त्या नसतात. म्हणून भीमाला उंदराचं डोकं कोमट लागतं, कॉर्नला वास. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग पिशवीत बांधून गरम पाण्यात. वरून 38-40 अंश झाला की लांब चिमट्याने, दिवेलागणीनंतर, मंद उजेडात. मायक्रोवेव्ह नको, फुटतो. (फ्रीज वेगळा घ्या. आईच्या फ्रीजमध्ये उंदीर सापडले त्या दिवशी घरात जे महाभारत झालं ते सांगत नाही.)

जिवंत उंदीर सोडला की खातो, असं बरेच जण सांगतात. खातोही कधीकधी. पण न खाणाऱ्या सापापुढे जिवंत उंदीर रात्रभर ठेवला तर उंदीरच सापाला कुरतडतो. पाठीची कातडी सोलवटलेला साप मी पाहिलाय. गोदामातला किंवा गटारातला उंदीर तर अजिबात नको, त्याच्या पोटात विष असायची शक्यता असते. माझं मत गोठवलेल्याच्या बाजूने आहे, त्यासाठी साप आठवडाभर जास्त उपाशी राहिला तरी चालेल.

बळजबरीने तोंडात कोंबण्याबद्दल लांबण लावत नाही. घसा फाटतो, नाहीतर साप उलटी करतो, आणि उलटी झाली की पुढचे दहा-बारा दिवस खायला देता येत नाही. हे काम डॉक्टरांचं. शेजारच्या काकू नागपंचमीला दुधाची वाटी घेऊन येतात, त्यांना मी पाट देऊन बसवतो आणि दूध चहात घालतो. साप दूध पचवत नाही.

डॉक्टर गाठायचे तर आधी फोन. गाय, शेळी, कुत्रा बघणारे पुष्कळ. सापाला हात लावणारे विचारूनच शोधावे लागतात. पुण्याला जायची वेळ आली तर अडीचशे किलोमीटर आहेत, तेव्हा रात्रीचं निघा. साप उशीच्या अभ्र्यात, अभ्रा भोकं पाडलेल्या थर्माकोलच्या पेटीत. सोबत वजनाची वही घ्या. बॉल पायथन असेल तर वन खात्याकडच्या नोंदणीचा कागदही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर तो लागतो. आणि पेटीतला साप धामण किंवा नाग असेल तर प्रश्न खाण्याचा नाहीच. देशी साप घरात ठेवणं 1972 च्या त्याच कायद्याने गुन्हा आहे, सर्पमित्राला किंवा वन खात्याला कळवा.

त्या पोराची मॅट थर्मोस्टॅटशिवाय चालू होती, वर थर्मामीटर ठेवला तर 41 निघाले. मॅट काढली, तरीही डॉक्टरांनी बोलावलंच, कारण इतकं वजन उतरल्यावर आतलं काही बिघडलंय का ते बघावं लागतं. परत आल्यावर पहिला घास नेहमीच्या निम्म्या आकाराचा दिला, मग आठवडाभर पेटीला हात लावला नाही. भीमाने जूनच्या पहिल्या पावसात उंदीर घेतला, तोही लहानच दिला होता.