आबांची १९९० ची टाटा मोबाईल आणि चिकलठाण्याचं (संभाजीनगर) हे गॅरेज: पत्र्याला पैकीच्या पैकी, वायरिंगला नाही

आधी ताऱ्यांचं सांगतो. चार दिलेत. पाचवा वायरिंगनं खाल्ला, त्याचं खाली येतंच. पत्राकाम आणि चेसिसला वेगळे तारे द्यायची सोय असती तर पाचाच्या वर दिले असते.

गाडी म्हणजे टाटा मोबाईल २०६, आबांनी (आजोबा) घेतलेली. नवीन पोरांना ही गाडी ओळखू येत नाही, पेट्रोल पंपावर दोन जणांनी विचारलं की ही परदेशातली आहे का. नाही ओ, पुण्याचीच आहे. टाटा म्हणजे तेव्हाची टेल्को, १९८८ ला त्यांनी ही पिकअप काढली आणि हिच्याच पायावर पुढं १९९१ ला सिएरा आणि १९९२ ला इस्टेट आली. म्हणजे आज लोक जुन्या सिएराच्या नावानं उसासे टाकतात तिची ही थोरली बहीण, फक्त थोरलीनं आयुष्यभर ओझं वाहिलं आणि कौतुक धाकटीचं झालं.

आमचं शेत अंबडकडं, मोसंबी. गाडी सकाळी मोसंबी घेऊन जालन्याच्या मार्केटला जायची आणि येताना मोंढ्यातून खताची पोती आणायची, हा तिचा वर्षानुवर्षाचा धंदा. त्यात २०१२-१३ चा दुष्काळ आला, जालना जिल्ह्यात बागाच्या बागा वाळून गेल्या ते सगळ्यांना आठवत असेल, तेव्हा काकांनी हौद्यात पाण्याची टाकी ठेवून जिथून मिळेल तिथून पाणी आणून झाडं जगवली. आमची निम्मी बाग राहिली ती हिच्या जिवावर. आबा गेल्यावर गाडी काकांच्या नावावर केली (मालक वारले की फॉर्म ३१ लागतो, नुसत्या शपथपत्रावर होत नाही, एजंट काहीही सांगतेत) आणि मग ती आखाड्यावर (शेतातल्या घरापाशी) लिंबाखाली जी उभी राहिली ती राहिलीच. भंगारवाला दर सहा महिन्याला येऊन भाव सांगून जायचा.

तर हे सगळं यासाठी सांगितलं की या गॅरेजवाल्यांनी गाडी टोचन करून आणल्यावर पहिल्यांदा हेच विचारलं. चाचांनी (म्हणजे गॅरेजवाले) भाव सांगितला नाही, कोणता कलर मारायचा विचारलं नाही, विचारलं काय तर हिच्यात काय काय भरत होते. खत म्हणल्याबरोबर सरळ हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात, केबिनच्या मागच्या भिंतीला जिथं दोन पत्रे एकावर एक येतात तिथं पेचकस घातला आणि तो आरपार गेला. खत हवेतलं पाणी ओढून घेतंय, सांडलेलं खत जोडात जाऊन बसतंय, वरून टाकीचं पाणी सांडायचं, म्हणजे आतून गंजायला सगळी तयारी झालेली. बाकी आपल्याकडची हवा कोरडी म्हणून गाडीला कोकणातल्या गाडीसारखा सगळीकडून गंज लागलेला नव्हता. जिथं खत आणि पाणी थांबलं तिथंच खाल्लेली. हौद्याचा तळ, दरवाजाच्या खालच्या कडा, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, आणि मागच्या पाट्यांचा (स्प्रिंगचा) हँगर जिथं चेसिसला बसतो तिथं थोडी.

मी त्याआधी अजून दोन ठिकाणी दाखवली होती, नाव घेत नाही. दोन्हीकडं उभ्या उभ्या भाव सांगितला, एकानं तर फोटो बघूनच. फायबर लावू, लांबी भरू, कलर मारू, चकाचक. आता लांबी म्हणजे शेवटी पुटी, ती पत्र्याची खरवड भरायला असते, भोक बुजवायला नाही, खाली गंज तसाच ठेवून वरून भरली की एक-दोन पावसाळ्यात फुगे येतात. इथं चाचा म्हणले आधी धुऊन खरवडून बघू, मग बोलू, आणि त्याचे वेगळे पैसे घेतले. तेव्हा मला जड गेलं होतं पण ते बरोबर होतं, कारण खरवडल्याशिवाय कुणालाच कळत नाही आत काय आहे आणि मग मधेच बिल वाढतंय आणि भांडणं होतेत.

पत्राकाम कसं केलं ते नीट सांगतो कारण लोक यातच फसतेत. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापला, कडेला चार बोटं जास्तीच. तेवढ्याच जाडीच्या पत्र्याचा पॅच कापून, ठोकून, आधीच्या नाळ्या होत्या तशा त्यात पाडून मगच बसवला. हौद्याच्या तळाला ज्या उभ्या नाळ्या असतात त्या शोभेला नसतात, त्यानं पत्र्याला ताकद येते, सपाट पत्रा बसवला तर पोतं टाकल्यावर धाड-धाड वाजतो आणि वाकतो. वेल्डिंग सीओटू गॅसचं, आणि एका दमात नाही, इथं एक टाका तिथं एक टाका, मधे गार होऊ द्यायचं. का तर एकाच जागी गरम केलं की पत्रा ताणला जातो आणि लाटा येतात, मग त्या झाकायला परत लांबी. जोडाच्या आतून प्रायमर, वरून सीलर, आणि सगळ्यात भारी म्हणजे तळाची पाणी जायची भोकं, जी चिखलानं बुजून गेली होती आणि ज्यांच्यामुळं हा सगळा कुटाणा झाला, ती मोकळी करून कुठं कुठं आहेत ते मला खाली वाकायला लावून दाखवली. धुतल्यावर तार घालत जा म्हणले.

लांबी मारून झाल्यावर चाचांनी स्वतः एक चुंबक माझ्या हातात दिलं, फडक्यात गुंडाळून, म्हणले कुठंही लावून बघ. जिथं लांबी जाड असते तिथं चुंबक धरत नाही. मी सगळ्या गाडीभर फिरवलं, दोन्ही दरवाजे, मडगार्ड, हौद्याच्या बाजू, सगळीकडं धरलं. कुणाचीही जुनी गाडी घेताना हे करा, फुकटात होतंय.

आता आमच्या चुलतभावाचं. त्याला मॅट काळा कलर पाहिजे, पुढं लोखंडी गार्ड, वर एलईडीची पट्टी, मोठे टायर, गाडी चार इंच उचललेली. इंस्टावर बघून आलेला. चाचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणले, "देखो भाऊ, मैं पत्रा करता, तमाशा नै करता." मला तिथंच हे गॅरेज आवडलं. खरं तर त्यात नुसता स्वभाव नाही, कायदा पण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेली मूळ रचना आपल्या मनानं बदलता येत नाही, पुढचे गार्ड तर डिसेंबर २०१७ पासून केंद्रानं बेकायदा ठरवलेत. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो, मग असली गाडी घेऊन तिथं कोण उभं राहणार. आणि टायर मोठा टाकला की स्टेअरिंग जड होतंय, बेअरिंगवर ताण येतोय आणि मीटर खरा स्पीड दाखवत नाही. चुलतभावाचा पुढचा डाव म्हणजे व्हिंटेजचा तो वेगळा व्हीए नंबर घेऊ. त्याला सांगितलं बाबा, २०२१ चा तो नियम ५० वर्षं झालेल्या गाडीला आहे, फी २०,००० आहे, आणि तो नंबर घेतला की रोजच्या वापराला गाडी रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली असल्यालाच. आम्हाला तर मोसंबी न्यायची आहे.

मग कस्टम म्हणून काय केलं, तर जे कामाला येतंय तेवढंच. हौद्यात पत्र्यावर बाभळीच्या फळ्या टाकल्या, शेतातल्याच बाभळीच्या, आमच्या गावच्या सुताराकडून, मधे फट ठेवून आणि बोल्टनं काढता येतील अशा, म्हणजे पोती फळ्यांवर बसतेत आणि खाली पाणी थांबत नाही. ही आयडिया चाचांची. सीटला नवीन फोम आणि जाड रेग्झीन, सीटबेल्ट, मोबाईल चार्जिंगला एक पॉइंट. डिस्का (चाकांच्या रिम) पावडर कोटिंगला दिल्या, इथं एमआयडीसीत चिकलठाणा-वाळूजला असली युनिटं भरपूर आहेत, पण एक लक्षात ठेवा, नट जिथं बसतो ती जागा झाकून कोटिंग करायला सांगा, नाहीतर कोटिंगचा थर दबत जातो आणि नट ढिले होतेत. फाळका (हौद्याचं मागचं झडप) मात्र जुनाच ठेवला. त्याच्यावर आबांनी पेंटरकडून गावाचं नाव लिहून घेतलेलं होतं, ते काकांनी हात लावू दिलं नाही, म्हणून बाकी गाडी नवी आणि फाळका जुना दिसतोय. काही लोकांना ते अर्धवट वाटतंय, वाटू द्या.

कलर मूळचाच मारला, फिकट बदामी. आरसीवर तोच लिहिलाय आणि काकांना तोच पाहिजे होता. उन्हानं बाहेरचा कलर उडून गेला होता म्हणून दरवाजाच्या रबराखालचा सँपल घेऊन मशीनवर शेड काढला. जुना ड्यूको आणि आताचा पीयू (पॉलियुरेथेन) यातला फरक त्यांनी समजावला, ड्यूको नुसता थिनर उडून वाळतो आणि आपल्या उन्हात लवकर मरतो, पीयूत हार्डनर असतो, टिकतो, पण मारताना धूळ चालत नाही. यांच्याकडं पेंट बूथ नाही. प्लास्टिकचे पडदे लावून, जमिनीवर पाणी मारून पहाटं मारला. तरी बॉनेटवर दोन-चार धुळीचे कण आहेत, घासून पॉलिश केलं तरी ऊन तिरपं पडलं की दिसतेत. ज्याला शोरूमसारखी पाहिजे त्यानं बूथवाल्याकडं जावं, दुप्पट पैसे मोजावेत.

इंजिनाचं फार सांगत नाही, ते यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं. १९४८ सीसीचं डिझेल, हेच इंजिन पुढं सिएराला आणि सुरुवातीच्या सुमोला होतं, म्हणून पार्ट अजून मिळतेत, सुमोवाल्यांचे आभार. हाफ इंजिन केलं (म्हणजे अर्धं इंजिन खोलून दुरुस्त), पंप आणि नोझल पंपवाल्याकडं, हीटर प्लग (थंड इंजिन चालू व्हायला आत गरम करणारे) नवे, टाकीतलं मेलेलं डिझेल काढून टाकी धुतली. जुन्या पद्धतीचं डिझेल असल्यामुळं थंडीत हीटर दिल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही, एवढंच.

आता वायरिंग. गॅरेजच्या आवारातच एक वायरमन बसतो, त्याच्याकडून नवीन हार्नेस (सगळ्या वायरांचा जुडगा) करून घेतला, आणि तो सगळ्या कामातला सगळ्यात गचाळ भाग. सगळीकडं एकाच रंगाची वायर, वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, म्हणजे उद्या काही बिघडलं तर कोणती कुठं जाती शोधायला देव यायला पाहिजे. हेडलाईटला रिले (स्विचवर लोड येऊ न देणारा डबा) नाही, सगळा करंट स्विचमधून, चार्जिंग पॉइंटला फ्यूज नाही. व्हायचं तेच झालं, रात्री जालन्याला जाताना बदनापूरच्या पुढं हेडलाईट गेले आणि डॅशमधून जळका वास. काकांनी इंडिकेटर चालू ठेवून एका ट्रकच्या मागं मागं गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी फोन केला तर वायरमन म्हणतो तुम्ही लोड जास्त टाकला. कसला लोड, एक मोबाईल? चाचांनी मात्र वाद घातला नाही, गाडी बोलावून दोन रिले आणि वेगळा फ्यूज बॉक्स फुकट बसवून दिला. पण रंगाचा घोळ तसाच राहिला.

वेळेचं म्हणाल तर विसरा. दिवाळीला देतो म्हणले होते, संक्रांत गेली. मधे मधे गाडी कोपऱ्यात ढकलून दुसऱ्या ॲक्सिडेंटच्या गाड्या पुढं घेतेत, कारण त्याचे पैसे लगेच मिळतात. दर आठवड्याला कुणीतरी जाऊन उभं राहिलं की काम सरकतंय. फोनवर "हो करतोय" एवढंच ऐकायला मिळतं.

पैसे: पत्रा, चेसिस, कलर मिळून दोन लाखाच्या आत बसलं, इंजिन आणि पंप वेगळं, नव्वद हजाराच्या आसपास. काकू अजून म्हणती एवढ्यात सेकंडहँड छोटा हत्ती आला असता. आला असता, खरंय.

पासिंगला फिटनेस मिळाला, रिफ्लेक्टरची पट्टी आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावूनच जा, त्याशिवाय परत पाठवतेत. आबांच्या काळातली एमएच २१ ची पिवळी पेंट केलेली पाटी काढावी लागली, ती काकांनी घरी ठेवलीय.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: नकाशावर लोकेशन एक गल्ली अलीकडं दाखवतंय, पुढं या. शुक्रवारी दुपारी बंद असतं, तीननंतर जा. अंदाजपत्रक कागदावर लिहून घ्या, त्यात पत्र्याची जाडी पण लिहायला लावा, लिहून देतात. ॲडव्हान्स टप्प्याटप्प्यानं द्या, वेल्डिंग झाल्यावर आणि प्रायमर मारायच्या आधी स्वतः जाऊन बघा, फोटो काढा, चाचा उलट खूश होतात. आणि वायरिंग शहरातल्या दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्या, मी पण आता ते उकरून परत करून घेणार आहे, कुणाला चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन माहीत असेल तर सांगा.