खालच्या दाढेचं इम्प्लांट: खर्च, थांबायचे महिने आणि कॅप बसल्यानंतरचं चावणं

खालच्या जबड्यातल्या पहिल्या मोठ्या दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे मुळाऐवजी हाडात बसवलेला स्क्रू, आणि त्यावर झिर्कोनियाची (दाताच्या रंगाच्या कठीण सिरॅमिकची) कॅप, याला आता वर्ष होत आलं. भाकरी, शेंगदाणे, सफरचंद त्या बाजूने व्यवस्थित चावता येतं. शेजारचे चांगले दात घासून ब्रिज बसवण्यापेक्षा हे नक्कीच बरं. मात्र इम्प्लांट म्हटलं की लोक हाडातल्या स्क्रूचीच चौकशी करतात. रोजच्या वापरातल्या तक्रारी बहुतेक वेळा वरच्या कॅपच्या असतात, आणि त्या टाळायच्या तर बोलणं आधीच व्हायला हवं.

आधी पैशांचं. पुण्या-मुंबईत एका दाताचा सगळा खर्च साधारण ३० ते ६० हजार रुपये. कोरियन किंवा इस्रायली कंपनीचा स्क्रू घेतला तर कमी, स्ट्रॉमन किंवा नोबेल बायोकेअरचा घेतला तर जास्त. जाहिरातीतला अगदी स्वस्त आकडा अनेकदा फक्त स्क्रूचा असतो. त्यावरचं अबटमेंट (स्क्रू आणि कॅप जोडणारा भाग), कॅप आणि सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) यांचे पैसे वेगळे लागतात. हाड कमी असेल तर ग्राफ्टचे, म्हणजे हाडाची भर घालण्याचे, आठ-दहा हजार किंवा त्याहून जास्त वाढतात, वरच्या दाढांना सायनस लिफ्ट (सायनसचा तळ उचलून खाली हाडाची भर) लागली तर आणखी. कोटेशन लेखी घ्या आणि त्यात प्रत्येक भाग वेगळा लिहून मागा. स्क्रू हाडात धरला नाही तर दुसऱ्या वेळचे पैसे कोण भरणार, हेही त्याच कागदावर हवं.

सीबीसीटीवर काटकसर करू नका. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून किमान २ मिमी अंतर राखायचं असतं, आणि हाडाची रुंदी साध्या एक्स-रेत दिसत नाही. दात काढून बरीच वर्षं झाली असतील तर हाड झिजून अरुंद झालेलं असतं. ग्राफ्टचा खर्च वाढतो तो इथेच.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया फक्त ती जागा बधिर करून होते. हाडात भोक पाडताना सलाईनचं पाणी सतत सोडतात, कारण हाड साधारण ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तरी तिथल्या पेशी मरतात आणि स्क्रू धरत नाही. दुखणं फारसं नसतं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉ वापरायची नाही. जेवायला गार केलेली मऊ खिचडी, दहीभात. टाके आठवड्या-दहा दिवसांत निघतात. बधिरपणा उतरल्यावरही ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली, किंवा चार दिवसांनंतर दुखणं वाढायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

खरी जोखीम त्यानंतर सुरू होते. बसवताना स्क्रू घट्ट असतो तो आट्यांच्या पकडीमुळे. पुढच्या तीन-चार आठवड्यांत आट्यांलगतचं जुनं हाड विरघळतं आणि नवं अजून पक्कं झालेलं नसतं. पकड सर्वांत कमी असते ती याच काळात, आणि दुखणं थांबल्यामुळे माणूस नेमका तेव्हाच त्या बाजूने चावायला लागतो. स्क्रू सूक्ष्म हलत राहिला तर हाडाऐवजी भोवती मऊ ऊती तयार होतात आणि तो कधीच पक्का होत नाही. खालच्या जबड्याला साधारण तीन महिने, वरच्याला चार ते सहा महिने द्यावेच लागतात. तंबाखू, सिगारेट, मिश्री या काळात पूर्ण बंद. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट आधी दाखवा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर तेही सांगा.

आता कॅप. ती सिमेंटने चिकटवतात किंवा स्क्रूने आवळतात. दाढेला शक्य असेल तर स्क्रूचीच मागा. सिमेंटचा बारीकसा अंश हिरडीखाली राहिला तरी सूज येते, आणि दुर्लक्ष झालं तर हाड झिजतं. स्क्रूच्या कॅपला वर छोटं भोक असतं. ते टेफ्लॉन टेप आणि दाताच्या रंगाच्या कॉम्पोझिटने बुजवतात. पुढे कॅपचा स्क्रू सैल झाला तर तेवढंच उघडून पुन्हा आवळता येतं, कॅप फोडावी लागत नाही.

कॅप बसवतानाच दोन गोष्टी तपासून घ्या. कॅप आणि शेजारचा दात यांच्यामधून फ्लॉस (दातांमधला दोरा) थोडा अडकत, 'टक' करून जायला हवा. सहज गेला तर फट आहे, आणि तिथे मेथीची पानं, डाळिंबाचे दाणे, मटणाचे धागे प्रत्येक जेवणात अडकणार. दुसरं, निळा कागद चावून दाब बघतात. खऱ्या दाताच्या मुळाभोवती दाब जाणवून देणारा पडदा असतो, इम्प्लांटला तो नसतो. त्यामुळे कॅप किंचित उंच राहिली तरी लगेच कळत नाही, आणि रोजच्या जादा दाबाने कॅपचा स्क्रू सैल होतो किंवा कॅपचा टवका उडतो. चावताना 'खट' असा आवाज आला किंवा कॅप जराशी फिरली, तर ती बाजू बंद ठेवून दवाखाना गाठा.

साफसफाईला नुसता ब्रश पुरत नाही. तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असलेला इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश) रात्री दोन्ही बाजूंनी फिरवायचा. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी बिघडते आणि सुरुवातीला दुखतही नाही. ब्रशवर रक्त दिसणं हीच पहिली खूण. सहा महिन्यांनी तपासणी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे, एवढं चुकवू नका.

स्क्रूच्या पाकिटावरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट नंबर असतो. प्रत्येक कंपनीचे सुटे भाग, अनेकदा स्क्रू आवळायचा पानाही, वेगळे असतात. गाव बदललं तर नवा डॉक्टर त्या स्टिकरवरूनच योग्य भाग मागवू शकतो.