खड्डा जागेवर, तक्रार निकाली

आमच्या महापालिकेचे नागरी तक्रारींचे ॲप वापरायला सोपे आहे, याबद्दल दुमत नसावे. छायाचित्र काढले, नकाशावर जागा दाखवली आणि विभाग निवडला की तक्रार क्रमांक लगेच मोबाइलवर येतो. अडचण त्यानंतर सुरू होते.

मुख्य रस्त्यावरून आमच्या सोसायटीकडे वळतो तेथे गॅसवाहिनीसाठी खणलेला चर आडवा गेला आहे. तो बुजवताना दबाई नीट न झाल्यामुळे पहिल्याच मोठ्या पावसात खचला आणि शेजारच्या चेंबरचे झाकण रस्त्याच्या पातळीपेक्षा वर राहिले. परिणामी चर चुकवू पाहणारा दुचाकीस्वार थेट झाकणावर जाऊन आदळतो. या जागेची तक्रार पथ विभागाकडून मलनिस्सारण विभागाकडे गेली, तेथून परत आली आणि ‘कार्यवाही पूर्ण’ असा शेरा मिळवून निकाली निघाली. सोबतच्या छायाचित्रात ताजे डांबर दिसते खरे, परंतु त्यामागे दिसणारे दुकान आमच्या रस्त्यावर नाही. पुन्हा तक्रार केल्यावर कामगार आले आणि चरात खडी व पेव्हर ब्लॉक बसवून गेले. डांबरी रस्त्यातले हे ब्लॉक वाहनांच्या वजनाने सुटे होतात, हे पालिकेच्या अभियंत्यांना ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

ज्या विभागाविरुद्ध तक्रार आहे त्यालाच ती बंद करण्याचा अधिकार देणे, ही या सेवेची मूळ खोट आहे. रहिवाशाला ‘असमाधानी’ असा अभिप्राय देता येतो, पण त्याने जुनी तक्रार उघडत नाही. नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि दुरुस्तीची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. रस्त्याचा कंत्राटदार कोण आणि त्याचा दोषदायित्व कालावधी केव्हा संपतो, ही माहितीही ॲपवर नाही. वास्तविक त्या कालावधीतली दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, तसेच निदर्शनास आलेला खड्डा ४८ तासांत बुजवण्यास सांगितले. खड्डा निदर्शनास केव्हा आणला गेला, याच्या नोंदीला त्यामुळे पुराव्याचे मोल आले आहे, म्हणून तक्रारीच्या प्रत्येक टप्प्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवलेला बरा.

पथदिव्यांच्या बाबतीत मात्र हेच ॲप चोख चालते. प्रत्येक खांबावर क्रमांक रंगवलेला असल्यामुळे जागेबद्दल वाद उरत नाही, आणि दिव्याची जबाबदारी एकाच विभागाची असल्याने टोलवाटोलवीला वावही राहत नाही. बंद दिवा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागतो. दिव्यांसाठी पाचपैकी चार तारे आणि रस्त्यांसाठी एक, असे माझे मूल्यमापन आहे. खड्ड्याची तक्रार करायचीच असेल, तर वर्णनात जवळच्या खांबाचा क्रमांक अवश्य लिहावा आणि छायाचित्रात तो खांबही येऊ द्यावा. ‘ठिकाण आढळले नाही’ या शेऱ्याने तक्रार परत येणे तेवढ्याने तरी टळते.