संगणकातला ‘बिघाड’ दाखवून झालेली फसवणूक

घरात आम्ही सगळे ज्यांना आप्पा म्हणतो, त्या माझ्या सासऱ्यांची गेल्या वर्षी संगणक दुरुस्तीच्या नावाखाली फसवणूक झाली. हा अनुभव मी त्यांच्या संमतीने, किंबहुना त्यांच्या आग्रहावरून लिहीत आहे. आप्पांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात हिशेब तपासण्यात गेली. पावती घेतल्याशिवाय पैसे न देणे आणि कागद पाहिल्याशिवाय कोणतेही म्हणणे न मानणे हा त्यांचा स्वभाव आहे. अशा माणसाला फोनवरून कोणी फसवू शकेल असे आम्हाला कधी वाटले नव्हते. प्रत्यक्षात त्यांनी त्या दिवशीही पुरावाच मागितला आणि समोरच्या माणसाने तो त्यांच्याच संगणकावर, त्यांच्याच हातांनी उघडायला लावून दाखवला. पडद्यावर दिसलेली प्रत्येक गोष्ट खरी होती; तिचा सांगितलेला अर्थ मात्र खोटा होता. ‘अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका’ एवढा सल्ला सावध माणसाला अपुरा पडतो, कारण त्याला विश्वास ठेवायला कोणी सांगतच नाही. म्हणून तो पुरावा कसा उभा केला गेला हे मी सविस्तर सांगणार आहे.

आमचा घरचा संगणक बराच जुना आहे. आप्पा त्यावर सोसायटीचे हिशेब ठेवतात आणि गावच्या देवस्थानाची जुनी इतिवृत्ते टंकून काढतात. काही महिन्यांपासून तो सुरू व्हायलाच फार वेळ घेऊ लागला होता, आणि एखादी फाइल उघडताना मध्येच अडकून बसत होता. त्याच सुमारास देवस्थानाचा जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलण्यासाठी आप्पांनी एक संकेतस्थळ शोधले. तिथे ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असा चौकोन आला आणि त्यांनी तो दाबला. या एका टिचकीने त्या संकेतस्थळाला संगणकाच्या पडद्यावर केव्हाही सूचना पाठवण्याची परवानगी मिळाली. माणूस आणि यंत्र ओळखण्याशी त्या बटणाचा काहीही संबंध नव्हता. त्यानंतर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दर थोड्या वेळाने ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आढळले’, ‘तुमच्या संरक्षणाची मुदत संपली’ अशा सूचना झळकू लागल्या. त्यांवर ओळखीच्या अँटिव्हायरससारखी चिन्हे असत, आणि ब्राउझर लहान करून ठेवला तरी त्या येतच राहत, त्यामुळे त्या संगणकाच्या आतूनच येत आहेत असे कोणालाही वाटले असते.

मंदावलेला संगणक आणि कोपऱ्यातल्या सूचना यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असल्या की मन आपोआप त्यांची सांगड घालते, आणि फसवणारे नेमके यावरच विसंबून असतात.

एका दुपारी आप्पांनी अशाच एका सूचनेवर टिचकी दिली आणि संपूर्ण पडदा व्यापणारे निळे-लाल पान उघडले. सायरन वाजू लागला, एक इंग्रजी आवाज ‘संगणक बंद करू नका, तुमची बँकेची माहिती चोरीला जात आहे’ असे सतत बजावू लागला आणि पानाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरांत मदतीचा दूरध्वनी क्रमांक दिसत होता. पान बंद करण्याची फुली कुठे सापडत नव्हती. हे सर्व केवळ एक वेबपान असते. एस्केप कळ काही क्षण दाबून धरली की ते बहुधा लहान होते. तसे न झाल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्राम दाखवणारी खिडकी, उघडावा आणि तिथून ब्राउझर बंद करावा, किंवा सरळ संगणकच बंद करावा. त्याने काहीही बिघडत नाही. नंतर ब्राउझरने ‘मागील पाने पुन्हा उघडायची का’ असे विचारले तर नकार द्यावा. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलेले आहे की त्यांच्या कोणत्याही इशाऱ्यात दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो. हे एक वाक्य आप्पांना त्या दुपारी ठाऊक असते तर पुढचे काही घडले नसते.

आप्पांनी फोन लावला. पलीकडचा माणूस अत्यंत नम्र हिंदीत बोलत होता आणि त्याने स्वतःचा कर्मचारी क्रमांकही दिला. आप्पांनी लगेच विचारले, “तुम्ही कंपनीचेच कशावरून?” त्यावर तो म्हणाला की साहेब, आपण विचारलेत ते योग्यच केलेत, आपल्या संगणकाचा गुप्त क्रमांक आमच्याकडे नोंदलेला आहे, तो मी वाचतो आणि आपण समोर पाहून ताडून घ्या. मग त्याने काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडायला लावून ए-एस-एस-ओ-सी ही पाच अक्षरे टंकायला सांगितली. लांबलचक यादी सरकत गेली आणि तिच्या अखेरीस ‘८८८डीसीए६०’ ने सुरू होणारा एक लांब क्रमांक दिसला. तो त्याने अक्षर न् अक्षर बरोबर वाचून दाखवला. आप्पांच्या शंकेला इथेच उत्तर मिळाले. वस्तुतः तो क्रमांक जगातल्या जवळजवळ प्रत्येक विंडोज संगणकावर हाच असतो. फाइल दुसरीकडे पाठवण्याच्या ‘सेंड टू’ या विंडोजमधल्या सोयीतल्या एका फाइलप्रकाराची ती अंतर्गत खूण आहे. माझ्या कार्यालयातल्या संगणकावर मी तीच अक्षरे टंकून पाहिली, तेव्हा तोच क्रमांक समोर आला. घरी विंडोज संगणक असलेल्या प्रत्येकाने आपल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून हे एकदा करून दाखवावे अशी माझी विनंती आहे.

ओळख पटल्यावर त्याने रोगनिदान सुरू केले. इव्हेंट व्ह्यूअर नावाची खिडकी त्याने उघडायला लावली. विंडोज आपल्या कामकाजातल्या लहानमोठ्या घटनांची नोंदवही ठेवते, ती या खिडकीत दिसते. एखादी सेवा उशिरा सुरू झाली, मध्येच नेटवर्क तुटले, एखादा प्रोग्राम बंद पडला, की तिथे लाल किंवा पिवळ्या खुणेची नोंद होते. अगदी नीट चालणाऱ्या संगणकावरही अशा नोंदी ढिगाने असतात आणि त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. आप्पांना मात्र ‘लाल म्हणजे व्हायरस, पिवळे म्हणजे होऊ घातलेला व्हायरस’ असे सांगण्यात आले आणि नोंदींची एकूण संख्या त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घेण्यात आली. त्यानंतर पुन्हा काळ्या खिडकीत नेटस्टॅट ही आज्ञा टंकायला लावली. संगणक त्या क्षणी इंटरनेटवर कोणाकोणाशी जोडलेला आहे याची यादी ही आज्ञा दाखवते, आणि त्या यादीतल्या एका स्तंभाचे शीर्षक ‘फॉरिन ॲड्रेस’ असे असते. तिथे ‘फॉरिन’ म्हणजे जोडणीचे पलीकडचे टोक एवढेच. ब्राउझर उघडा असला की अशा जोडण्या असायच्याच. त्या माणसाने सांगितले की हे परदेशी हॅकर आहेत आणि ते या घटकेला तुमच्या संगणकात बसलेले आहेत. हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माणसापुढे नोंदवही, आकडे आणि परदेशी पत्ते ठेवले गेले होते. ज्या भाषेत पुरावा वाचायची त्यांना आयुष्यभराची सवय होती, त्याच भाषेत तो मांडला गेला, आणि याची मला आजही चीड येते.

पुढचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो बहुतेक प्रकरणांत सारखाच असतो. दुरून संगणक हाताळण्याचा एक प्रचलित प्रोग्राम उतरवून घ्यायला त्याने सांगितले आणि त्यावर दिसणारा क्रमांक विचारून घेतला. असे प्रोग्राम कायदेशीर असतात आणि कार्यालयांत रोज वापरले जातात, म्हणून कोणताही अँटिव्हायरस त्यांना अडवेलच असे नाही. ‘तीन वर्षांची सुरक्षा योजना’ म्हणून ४,९९९ रुपये आप्पांनी नेट बँकिंगने भरले. त्याची नीटनेटकी पावतीही ईमेलने आली आणि आप्पांचे समाधान झाले. मग ‘तुमचे बँक खातेही हॅकरच्या यादीत आहे, ते सुरक्षित नोंदवून घेऊ’ असे सांगून त्याने त्यांना खात्यात पुन्हा प्रवेश करायला लावला. काही वेळाने पडदा काळा झाला. ही सोय त्या प्रोग्राममध्येच असते आणि ती चालू असताना पलीकडचा माणूस काय करतो आहे ते घरच्या माणसाला दिसत नाही. पडदा परत आला तेव्हा नोटपॅड उघडलेले होते आणि ‘मोबाइलवर आलेला नोंदणी क्रमांक इथे लिहा’ असे सांगितले गेले. मोबाइलवर आलेला क्रमांक ओटीपी होता. ज्या संदेशातून तो आला त्यात किती रक्कम कोणाकडे जात आहे हेही लिहिलेले होते, परंतु तो माणूस बोलणे एक क्षणही थांबवत नव्हता, त्यामुळे आप्पांनी फक्त सहा आकडे पाहिले. अशा रीतीने खात्यातून ८६,००० रुपये गेले.

मी घरी आले तेव्हा फोन अजून चालूच होता आणि ‘आणखी एक नोंदणी बाकी आहे’ असे आप्पांना सांगितले जात होते. मी प्रथम राउटरची वायर काढली, कारण त्या क्षणी इंटरनेट तोडणे हाच त्या माणसाला संगणकाबाहेर काढण्याचा सर्वांत जलद मार्ग होता. नंतर माझ्या मोबाइलवरून बँकेला फोन करून नेट बँकिंग आणि कार्ड बंद करायला सांगितले, तक्रार क्रमांक घेतला, आणि तत्काळ १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तीच राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवरही भरली. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फार झपाट्याने फिरवले जातात, म्हणून हेल्पलाइनवर लवकर कळवले तर ते वाटेतच गोठवता येण्याची शक्यता असते. आमच्या रकमेपैकी काही भाग असा गोठवला गेला, उरलेला निसटला.

बँकेशी झालेल्या पत्रव्यवहारातून एक नियम मला नीट कळला. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः ओटीपीसारखी माहिती दिल्यामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे मानले जाते आणि कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे. त्यामुळे फोन केल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक यांना अतोनात महत्त्व आहे. घरातले वडीलधारे संकोचाने संध्याकाळपर्यंत गप्प राहिले, तर मधल्या काळात गेलेली प्रत्येक रक्कम त्यांच्या माथी बसते. त्यांना रागावू नका. त्यांनी लगेच सांगावे असे वातावरण घरात असू द्या.

त्यानंतर संगणकाचे काय करायचे हा प्रश्न होता. दुरून हाताळण्याचा प्रोग्राम काढून टाकणे पुरेसे नव्हते, कारण पलीकडच्या माणसाने आणखी काय ठेवून दिले असेल याची खात्री देता येत नाही. आप्पांच्या फाइली बाहेर काढून घेतल्या, विंडोज नव्याने टाकून घेतले आणि ईमेल व बँकेचे सर्व पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलले. हे काम करणाऱ्या आमच्या ओळखीच्या दुरुस्ती करणाऱ्याने टास्क मॅनेजर उघडून मंदपणाचे खरे कारणही दाखवले. जुनी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सतत शंभर टक्के व्यग्र होती, रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती स्मृती, अवघी चार जीबी होती, आणि एकाच वेळी दोन अँटिव्हायरस चालू असल्यामुळे प्रत्येक फाइल दोनदा तपासली जात होती. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवून रॅम वाढवल्यावर तोच संगणक अर्ध्या मिनिटात सुरू होऊ लागला. कोपऱ्यातल्या सूचना तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये, गोपनीयता आणि सुरक्षा या भागात, साइट सेटिंग्जखालच्या नोटिफिकेशनमधून ते संकेतस्थळ काढून टाकले असते तरी थांबल्या असत्या. ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी हेही लक्षात घ्यावे की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा सर्वसाधारण आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुरक्षा-सुधारणा, संपला. मुदतीच्या या खऱ्या बातमीचा आधार घेऊन खोटे इशारे रचणे सोपे आहे.

हा धंदा एकट्यादुकट्या माणसाचा नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘ऑपरेशन चक्र-२’ या नावाने देशभरात ७६ ठिकाणी छापे घातले. त्यांतल्या काही प्रकरणांत मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून तांत्रिक मदतीच्या नावाने परदेशी ग्राहकांना लुबाडणाऱ्या कॉल सेंटरांवर कारवाई झाली. आपली कितीतरी मुले अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात आहेत आणि त्यांचे आईवडील महिनोन्महिने तिथे राहतात, तेव्हा असा फोन भारतातून तिकडच्या मराठी घरातही जाऊ शकतो. कायद्याने पाहता, संगणकाच्या आधारे दुसऱ्याची बतावणी करून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

काही महिन्यांनी आप्पांना पुन्हा फोन आला. ‘आमची कंपनी बंद होत आहे, तुमचे ४,९९९ रुपये परत करायचे आहेत, यूपीआय उघडा आणि पिन टाका’ असे एक बाई सांगत होत्या, आणि त्यांना योजनेची तारीखसुद्धा ठाऊक होती. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो फक्त पैसे देताना लागतो. आप्पांनी तसे त्यांना ऐकवले आणि फोन ठेवला. तो क्रमांक आम्ही दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षु’ सुविधेवर नोंदवला. ही सुविधा संशयास्पद फोन आणि संदेश कळवण्यासाठी आहे. पैसे आधीच गेले असतील तर मात्र तिथे वेळ न घालवता १९३० वर फोन करावा लागतो.