मोटरीच्या थरथरीवर चालणारा सेन्सर: संच चांगला, माहितीपत्रक अपुरे

पंपाच्या मोटरीवर तापमानाचा सेन्सर बसवला की त्याची बॅटरी बदलण्याचे काम कायमचे मागे लागते, आणि मोटर अडचणीच्या जागी असेल तर ते काम लांबणीवर पडून नेमक्या गरजेच्या वेळी सेन्सर बंद सापडतो. म्हणून मोटरीच्या कंपनांतूनच वीज मिळवणारा एक तयार संच मी घेतला आणि दोन महिने वापरला.

संचात पोलादाची पातळ पट्टी असून तिच्यावर पिझोइलेक्ट्रिक सिरॅमिकचा थर चिकटवलेला आहे. पट्टीचे एक टोक मोटरीला आवळायचे, तर दुसऱ्या मोकळ्या टोकाला छोटे वजन असते. दाब पडल्यावर काही स्फटिकांवर विद्युतभार निर्माण होतो, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले होते. येथे पट्टी झुलताना सिरॅमिकवर ताण आणि दाब आलटूनपालटून येतात व त्यातून मिळणारी वीज डायोडमधून कॅपॅसिटरमध्ये साठते.

पहिल्या दिवशी मात्र सेन्सर जागाच झाला नाही. पट्टी ५० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांना जुळवलेली होती, तर माझी मोटर मिनिटाला २,८८० फेरे घेते, म्हणजे तिचे मुख्य कंपन ४८ हर्ट्झचे. दोन हर्ट्झचा हा फरक किरकोळ वाटतो, परंतु अशा पट्टीचे अनुस्पंदन, म्हणजे ठरावीक कंपनालाच जोरात झुलणे, इतके अरुंद असते की तेवढ्यानेही वीज जवळजवळ नाहीशी होते. पट्टीचे स्वतःचे वजन हिशेबात धरले नाही, तर ५० वरून ४८ वर येण्यासाठी टोकाचे वजन सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढवावे लागते. मी त्या वजनाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे घट्ट गुंडाळत गेलो. प्रत्येक वेढ्यागणिक मल्टिमीटरवरचा आकडा चढत होता. एक वेढा जास्त झाला तसा तो झपकन उतरला आणि तेवढाच वेढा सोडल्यावर पुन्हा चढला. त्यानंतर सेन्सर साधारण दर दोन मिनिटांनी तापमान कळवू लागला. कॅपॅसिटर १,००० मायक्रोफॅरडचा आहे. तो ५ व्होल्टवरून ३.३ व्होल्टपर्यंत उतरताना सुमारे ७ मिलिज्यूल ऊर्जा देतो, आणि एका संदेशाला तेवढी पुरते.

माझी खरी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. वीजशक्तीचा आकडा त्यात ठळक छापला आहे, पण तो गुरुत्वत्वरणाइतक्या जोरदार कंपनावर मोजलेला आहे, हे फक्त शेवटच्या पानावरच्या तळटीपेत सांगितले आहे. चांगल्या स्थितीतली मोटर इतकी जोरात थरथरत नाही. कंपनाचे त्वरण दहाव्या भागावर आले, तर मिळणारी शक्ती शंभराव्या भागावर येते, आणि ग्राहकाला हे खरेदीपूर्वीच कळायला हवे. सिरॅमिकमध्ये शिसे असते. त्याच्या विल्हेवाटीबद्दलही पत्रकात एक अक्षर नाही.

मोटर एकाच वेगाने चालत असेल आणि पट्टी जुळवण्यासाठी एक दुपार देण्याची तयारी असेल, तर हा संच जरूर घ्यावा. ड्राइव्हवर (मोटरीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर) वेग सतत बदलणाऱ्या मोटरीसाठी तो घेऊ नये, कारण तिथे पट्टी जुळलेली राहणार नाही.

बसवताना आणखी एक काळजी घ्यावी. तारांचे डाख पट्टीच्या मुळाशी, म्हणजे सर्वाधिक ताण येणाऱ्या जागी दिलेले आहेत, आणि माझी एक तार तिथेच तुटली. नवीन तार सैल वळण देऊन जोडली व तिचा पुढचा भाग मोटरीच्या अंगाला बांधून टाकला. तेव्हापासून संदेश खंडित झालेला नाही.