पावसाच्या पाण्याची टाकी: एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

पावसाचं पाणी साठवायची यंत्रणा विकणारे सगळे आधी फिल्टर दाखवतात. जाळी किती बारीक, भांडं स्टीलचं की प्लास्टिकचं, यावर अर्धा तास बोलतात. त्या फिल्टरच्या आधी भिंतीला लावलेला एक उभा पाइप असतो. गच्चीवरून येणारं पहिलं घाण पाणी त्यात अडकून राहतं. हा फर्स्ट फ्लशचा पाइप. त्याबद्दल ते काही सांगत नाहीत आणि घेणाराही विचारत नाही. माझ्या मते अख्ख्या यंत्रणेत त्याच्याइतकं महत्त्वाचं काही नाही. पैसे द्यायच्या आधी त्याची लांबी मोजा. गेल्या आठवड्यात याच पाइपवरून बसवणाऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले.

घर बडोद्यात, मांजलपूरला. गच्ची ५० चौरस मीटर, वर चायना मोझेक, म्हणजे चिनी फरशीच्या तुकड्यांचा थर, उतार चांगला. टाकी ५,००० लिटरची, काळी, मागच्या अंगणात कमरेएवढ्या पक्क्या ओट्यावर. एवढी मोठी कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारलं. चार माणसांना प्यायला आणि स्वयंपाकाला दिवसाला २० लिटर धरा. ऑक्टोबरपासून जूनच्या मध्यापर्यंत साधारण २५० दिवस कोरडे. गुणाकार करा, ५,००० होतात. आंघोळ आणि कपडे या पाण्यावर भागवायचा विचार मात्र सोडून द्या.

ओटा उंच का, ते बडोदेकरांना सांगायला नको. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा आत्याच्या जुन्या वाड्यातलं जमिनीखालचं टाकं गढूळ पाण्यानं भरलं. चुन्यात बांधलेलं, पिढ्यान्‌पिढ्या प्यायलेलं टाकं. उपसलं, धुतलं, पण त्यातलं पाणी तोंडाला लावायला आता कोणाचं मन होत नाही. ते बघून मी टाकी जमिनीच्या वर, उंच ओट्यावरच ठेवायची ठरवली होती.

आता पाइप. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. धूळ, कबुतरांची विष्ठा, कडुनिंबाचा मोहोर धुऊन निघायला निदान पहिला १ मिलिमीटर तरी सोडून द्यावा लागतो. म्हणजे माझ्या गच्चीचे ५० लिटर. चार इंची पाइपमध्ये मीटरला साधारण ८ लिटर मावतात, आणि मला बसवून दिला तीन फुटांचा तुकडा! त्यात जेमतेम साडेसात लिटर राहतात. तेवढा भरला की आतला चेंडू तरंगत वर येतो, तोंड बंद करतो आणि मागचं सगळं पाणी फिल्टरकडे वळतं. चाळीसहून जास्त लिटर घाण पाणी सरळ माझ्या टाकीत. फिल्टरची जाळी पानं आणि पिसं अडवते, विष्ठेतले जंतू अडवत नाही.

शिवाय त्या पाइपच्या तळाला आट्यांचं झाकण असतं आणि त्याला बारीक छिद्र. दोन सरींच्या मधल्या वेळात त्यातून थेंब थेंब पाणी निघून पाइप रिकामा व्हायला हवा, तरच पुढच्या पावसाला तो कामाचा. ते छिद्र मोहोरानं आणि गाळानं हमखास बुजतं. पाइप भरलेला राहिला की पुढच्या सरीचं पहिलं पाणीही टाकीत. पावसाळाभर उघडीप पडली की मी झाकण काढून पाइप रिता करत होते. हे काम अवघड नाही, पण विकताना कोणी तरी सांगायला हवं ना?

हे सगळं हिशोबासकट बसवणाऱ्याला सांगितलं. उत्तर मिळालं, "चालशे, बेन. बधे आ ज लागे छे." म्हणजे चालेल ताई, सगळीकडे हाच लागतो. वर वार्षिक देखभालीचे ३,००० रुपये मागितले आणि पाइप बदलला तर फिल्टरची वॉरंटी जाईल असंही ऐकवलं. १४,००० रुपये फिल्टरला घेणाऱ्या माणसाला चार हात पाइप जास्त द्यायला जड जातं, याचा मला मनापासून राग आहे. देखभालीचे पैसे दिले नाहीत, देणारही नाही. गल्लीतल्या प्लंबरकडून सहा इंची, तीन मीटरचा पाइप लावून घेतला. त्यात ५० लिटर आरामात मावतात. तळाला छिद्राच्या झाकणाऐवजी बॉल व्हॉल्व्ह लावला. तो किंचित उघडा ठेवला की पाइप आपोआप रिता होतो, आणि गाळ साचला की पूर्ण उघडून एका झटक्यात काढता येतो. सगळं मिळून अडीच हजारांत झालं.

फिल्टरबद्दल माझं मत मात्र मधल्या काळात बदललं. सुरुवातीला तो निव्वळ महाग डबा वाटत होता, जोराच्या सरीत बरंच पाणी बाहेर फेकणारा. पण पहिल्या पावसानंतर उघडला तर आत मांज्याचा गुंता! उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवायला अख्खं शहर गच्चीवर असतं, तो मांजा कोपऱ्याकोपऱ्यात अडकून जूनपर्यंत राहतो. जाळी नसती तर ते टाकीच्या तोटीत गेलं असतं. तेव्हा फिल्टर घ्या, पण साधा घ्या, आणि पावसाआधी गच्ची नुसती झाडू नका, घासून धुवा.

आत्याचं म्हणणं, मघाचंच पाणी भरायचं. गुजरातेत हे सगळे मानतात, वर्षभराचं पाणी मघा नक्षत्रात साठवतात. मला ती आधी नुसती श्रद्धा वाटायची. आता पटतं. मघा लागते ऑगस्टच्या मध्यानंतर, तोवर दोन महिन्यांच्या पावसानं गच्ची आणि वरची हवा दोन्ही धुऊन निघालेली असतात. गेल्या वर्षी जून-जुलैचं पाणी मी धुण्याला आणि झाडांना वापरलं, टाकी खंगाळली आणि मघात परत भरली. २५ मिलिमीटरची एक सर आली तरी या गच्चीवरून हजारभर लिटर येतं, त्यामुळे भरायला वेळ लागत नाही. मघा कोरी गेली तर पंचाईत, म्हणून जुलैअखेरचं पाणी हाताशी ठेवायचं आणि पाऊस दिसल्याशिवाय ओतायचं नाही.

आणि पाणी! तूरडाळ दोन शिट्ट्या कमी घेते. चहाचा रंग उजळला, भांड्यांवरचे पांढरे डाग गेले. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, आमच्याकडे ९०० च्या वर, या पाण्याचा ३० च्या आत. आरओ बंद केला. एक लिटर देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडणारं ते यंत्र मला कायम टोचायचं. पण टीडीएसच्या मीटरवर जंतू दिसत नाहीत, म्हणून प्यायचं पाणी आम्ही उकळूनच घेतो. चव पहिले काही दिवस अळणी लागते. आत्याच्या टाक्यात तशी लागत नसे, चुन्याचा गुण असणार.

टाकी घेताना नळ तळापासून चार बोटं वर ठेवून घ्या आणि गाळ काढायला तळाला वेगळी तोटी. ओव्हरफ्लोच्या तोंडाला डासांची जाळी हवीच, नाहीतर घरात डेंग्यू पाळल्यासारखं होईल. झाकण घट्ट, उजेड आत जाता कामा नये. आमच्या टाकीत मे संपत आला तरी शेवाळ नाही.

राहता राहिला ओव्हरफ्लो. वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस धरला तर या गच्चीवरून ४०,००० लिटरच्या आसपास पाणी निघतं. मी ठेवते ५,०००, बाकीचं गटारात जातं आणि जीव तुटतो. बोअरमध्ये सरळ सोडायची माझी तयारी नाही, खालचं पाणी सगळ्यांचं आहे. शोषखड्डा करायचाय, वाळू-खडीचा. बडोद्यात कोणी केला असेल तर खर्च किती आला आणि बोअरपासून किती अंतर ठेवलं, ते कळवा.